सज्ञान विद्यार्थ्याला आधार कशाला?

मनुष्यबळ विकासाचं पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या आपल्याकडच्या अनेक संस्थांत एक मत पक्कं रुजलं आहे. एमबीएला आलेला विद्यार्थी सज्ञान असतो. त्याला चांगला प्लेसमेंट सेल दिला की संस्थेची जबाबदारी संपली. समुपदेशक, प्रकल्पासाठी मार्गदर्शन, अद्ययावत ग्रंथालय हे सारे लाड. वाचायला लागतं ते मोबाइलवर मिळतंच. आणि ज्याला स्वतःचं ओझं पेलत नाही, तो उद्या कारखान्यातली माणसं काय सांभाळणार?

पूर्वपक्षात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. पंचविशीकडे झुकलेल्या मुलामुलींना बोट धरून चालवू नये, हे मान्य. पण तो शेवटचा प्रश्न या विषयाच्या मुळावरच घाव घालतो. १९७५च्या सुमारास व्यवस्थापनतज्ज्ञ उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली. तिच्यात कामगिरीच्या मूल्यमापनाइतकंच समुपदेशनाला आणि करिअरच्या आखणीला स्थान होतं, आणि तेही नोकरीत मुरलेल्या अधिकाऱ्यांसाठी. सज्ञान माणसालाही वाढायला आधार लागतो, या गृहीतकावरच हे शास्त्र उभं आहे. ते वर्गात शिकवायचं आणि वर्गाबाहेर नाकारायचं, हा सरळ वदतोव्याघात आहे.

मोबाइलचा मुद्दा तर तपासला की लगेच ढासळतो. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ४९नुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. पिढ्यान्‌पिढ्या हाच आकडा पाठ झाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले, आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेत हीच मर्यादा २५० वर आली. आता विद्यार्थ्याने शोधलं तर दोन्ही आकडे तितक्याच ठामपणे समोर येतात. जुन्या नोट्स आपल्या तारखेचा ठसा मिरवत नाहीत. कोणता आकडा कुठल्या कायद्यातला आणि कधीपर्यंतचा, हे सांगणारा जाणता ग्रंथपाल आणि संहितेची ताजी प्रत, ही या विषयाची प्राथमिक गरज आहे.

पण खरी उपेक्षा होते ती उन्हाळी प्रकल्पाची. विद्यार्थी कंपनीत जातो, ‘कामगारांचं समाधान’ असा विषय घेतो, इंग्रजी प्रश्नावली शॉप फ्लोअरवर वाटतो. शिफ्ट संपत आलेली असते, सुपरवायझर मागेच उभा असतो. कामगार वरपासून खालपर्यंत ‘सहमत’वर खुणा करतो आणि बसच्या दिशेने चालू लागतो. त्या खुणांची टक्केवारी निघते, रंगीत आलेख होतात, बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षा पार पडते. हा विद्यार्थी आळशी नसतो. फॉर्म भरताना तिथे कोण हजर होतं, प्रश्न मराठीत किंवा हिंदीत का विचारले नाहीत, नाव न लिहिण्याची मुभा होती का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. असे प्रश्न विचारायला मार्गदर्शकाला वेळ हवा. डझनावारी प्रकल्प एकाच्या गळ्यात बांधले की फक्त सही उरते. उद्या हाच तरुण अशाच सर्वेक्षणावरून व्यवस्थापनाला सांगेल की आपले कामगार खूश आहेत, आणि त्याची किंमत कामगार मोजतील.

समुपदेशक हा लाड आहे का, हा वाद आता मतांपुरता राहिलेला नाही. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. उच्च शिक्षण संस्था तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनातही विद्यार्थी-साहाय्याचा निकष आहे.

प्लेसमेंट सेल हवाच. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलाला नोकरी लागणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण तेवढ्यावर संस्थेची पारख करू नका. प्रवेश घेताना पॅकेजचा आकडा जरूर विचारा. त्याआधी विचारा, एका मार्गदर्शकाकडे किती प्रकल्प असतात, ग्रंथालयात कामगार संहितांच्या प्रती आहेत का, आणि समुपदेशक कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी भेटतात.