बांधलं कुणी, सांभाळलं कुणी? जालन्याच्या पाण्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा भाषा थोडी इकडची तिकडची वाटली तर चालवून घ्या.

आजचा विषय जालना. "जालना, सोने का पालना" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बियाणं, स्टील, मोसंबी यांचं गाव. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये जी सळई आहे ना, ती जालन्यात भंगार वितळवून तयार झालेली असण्याची चांगलीच शक्यता आहे. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या बांधकामाला हे गाव लोखंड पुरवतं. पण आपण आज बोलणार आहोत ते बांधून झाल्यावर काय होतं याबद्दल. तलाव, पाइपलाइन, बंधारा, इमारत, काहीही घ्या. उद्घाटन झालं, फोटो झाले, आता पुढची पन्नास वर्षं ते चालवायचं कुणी, आणि चालवायचं कसं हे शिकवायचं कुणी? जालन्याच्या पाण्यात या प्रश्नाचा चारशे वर्षांचा इतिहास सापडतो.

आधी जमीन समजून घेऊ. जालना कुंडलिका नदीवर आहे. नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला कादराबाद, म्हणजे नवीन जालना. कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत. खाली बेसाल्ट, आपला काळा पाषाण. या दगडाच्या पोटात पाणी फारसं मावत नाही. भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढं मुरेल तेवढंच. त्यामुळे इथे पावसाळ्यातलं पाणी कुठेतरी अडवून ठेवणं ही पहिल्यापासूनची गरज होती.

जुन्या गॅझेटियरमध्ये जमशेद खान या अंमलदाराचं नाव येतं. त्याने इथे मशीद आणि सराई बांधली, आणि शहराच्या पश्चिमेला तलाव बांधला. तोच मोती तलाव. पण मला तलावापेक्षा त्याच्या पुढची नोंद जास्त भारी वाटते. तलावातून जमिनीखालून नळ घालून पाणी गावातल्या हौदांमध्ये आणलं होतं आणि सगळ्यात मोठा हौद सराईच्या चौकात होता. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. तलाव वर आणि हौद खाली, म्हणजे पाणी आपोआप येणार. १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर केली तिचंही तत्त्व हेच.

पुढे १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने जालन्यात किल्ला आणि गढी बांधली. त्या गढीतसुद्धा दालनं आणि खोल्या असलेली मोठी विहीर होती. म्हणजे त्या काळात कुणी काही बांधायचं म्हटलं की पाण्याचा विचार सोबतच यायचा.

आता गंमत बघा. असा नळ चालू ठेवायला काय लागतं? तलावाच्या तोंडाशी गाळ साचतो, तो काढणारा माणूस लागतो. नळात झाडाची मुळं शिरतात, ती कुठे शिरली हे ओळखणारा लागतो. आणि जमिनीखालून नळ नेमका कुठून गेलाय हे कुणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला आम्ही लेगसी सिस्टीम म्हणतो. कोड चालू आहे, लिहिणारा केव्हाच सोडून गेलाय, डॉक्युमेंटेशन शून्य. जोपर्यंत चालतंय तोपर्यंत कुणी हात लावत नाही, आणि बंद पडलं की कुणालाच दुरुस्त करता येत नाही. जमशेद खानाच्या नळांचं पाणी आज जालन्यात कुणाच्याही नळाला येत नाही. दगड टिकले, पण ते चालवायचं ज्ञान ज्या माणसांकडे होतं त्यांची साखळी कुठेतरी तुटली.

दुसरी गोष्ट घाणेवाडीची. निजामकाळात कुंडलिकेवर, शहराच्या वरच्या अंगाला हा तलाव बांधला गेला. संत गाडगेबाबा जलाशय हे त्याचं नाव, पण बोलताना सगळे घाणेवाडीच म्हणतात. इथेही तोच हिशोब. तलाव उंचावर, शहर खाली, पाणी उताराने नवीन जालन्याकडे येतं. विजेचं बिल नाही! आजच्या भाषेत याला सस्टेनेबल डिझाइन म्हणून दहा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन होईल.

स्वातंत्र्यानंतर सगळ्या गोष्टींचा आकार बदलला. पैठणला जायकवाडी धरण आलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, जालना आणि परभणीच्या शेतांतून जाणारा. पण धरण बांधून झाल्यावर सरकारच्याच लक्षात आलं की आपल्याकडे धरण बांधणारे इंजिनिअर भरपूर आहेत, पाणी वाटणारे फार कमी. टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही आणि सुरुवातीच्या शेतात जमीन पाणथळ होते. यातून १९८० मध्ये औरंगाबादला पैठण रस्त्यावर वाल्मी सुरू झाली, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था. बांधून झालेल्या कालव्यांचं व्यवस्थापन कसं करायचं हे अधिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना शिकवणारी, त्यावर संशोधन करणारी संस्था. माझ्या मते आपल्या भागाच्या इतिहासातली ही फार महत्त्वाची घटना आहे आणि तिच्यावर कुणी रील बनवत नाही. पुढच्याच वर्षी, १ मे १९८१ ला, औरंगाबाद आणि परभणीचा भाग तोडून जालना जिल्हा झाला.

शहराचं मात्र असं कुणी शिकवलं नाही. लोकसंख्या वाढत गेली. २०११च्या जनगणनेत ती २ लाख ८५ हजारांच्या पुढे होती. घाणेवाडीत गाळ भरत गेला. तलाव कागदावर तेवढाच मोठा, प्रत्यक्षात उथळ. उथळ तलावाचा दुसरा तोटा असा की साठा कमी आणि पृष्ठभाग तेवढाच, त्यामुळे उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण अजून वाढतं.

मग आला २०१२-१३चा दुष्काळ. तुमच्यापैकी जे तेव्हा शाळेत होते त्यांना ड्रम, कॅन आणि टँकरचा हॉर्न आठवत असेल. मार्च २०१३ मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहिलं की एकट्या जालन्यात टँकरवाल्यांची पाणीविक्री दिवसाला ६० ते ७५ लाख रुपयांची आहे. दिवसाला! ज्या गावात एकेकाळी सराईच्या चौकातल्या हौदात पाणी आपोआप येत होतं, तिथे आता पाणी डिझेलवर येत होतं.

त्याच सुमाराला जायकवाडीहून पैठण, अंबडमार्गे जालन्याला पाइपलाइन आली. तिने शहराला वाचवलं, यात वादच नाही. पण भूगोल बघा. जायकवाडीची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४६४ मीटर. जालना ५०० मीटरच्या आसपास. म्हणजे प्रत्येक थेंब वर चढवायचा, त्यात पाइपमधलं घर्षण वेगळं. वीज गेली की पाणी गेलं, बिल थकलं की पाणी गेलं. घाणेवाडीचं पाणी उताराने येतं, जायकवाडीचं पैसे देऊन चढवावं लागतं. म्हणून नवी पाइपलाइन आल्यावर जुना तलाव जास्त महत्त्वाचा होतो. आपण मात्र नवीन फोन घेतला की जुना ड्रॉवरमध्ये टाकतो, तसं तलावांचं करतो.

जालन्यातल्या काही लोकांना हे कळलं होतं. घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला आणि लोकवर्गणीतून गाळ काढायला सुरुवात झाली. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने नेला, कारण तो गाळ म्हणजे वरच्या शिवारातून वाहून आलेली सुपीक माती. हिशोब सोपा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक ब्रास गाळ काढला की सुमारे २८०० लिटर पाण्याला जागा होते. एका ट्रॉलीने एका घराची बऱ्याच दिवसांची सोय! पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तिच्यामागची कल्पना हीच.

पण गाळ येतो कुठून? वरच्या डोंगरउतारावरून. तिथे माती अडवली नाही तर तलाव पुन्हा भरणार. इथे कडवंचीची गोष्ट येते, आणि खरं सांगायचं तर हा एपिसोड मला कडवंचीसाठीच करायचा होता.

कडवंची हे जालना तालुक्यातलं गाव. १९९६ पासून पुढची सहा-एक वर्षं इथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. ते करणारी संस्था म्हणजे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचं खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र, आणि त्यामागचं मोठं नाव विजयअण्णा बोराडे. समतल चर, बांधबंदिस्ती, ओघळींवर बांध, माती नालाबांध, असं 'माथ्यापासून पायथ्यापर्यंत' काम झालं. ही कामं महाराष्ट्रात हजारो गावांत झालीत. मग कडवंचीत टिकली कशी?

या कार्यक्रमाची रचनाच वेगळी होती. आधी पैसा नाही, आधी तालीम. गावाने छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, गावाची पाणलोट समिती हिशोब ठेवायला शिकणार, आणि हे जमलं तरच मोठं काम मंजूर होणार. शिवाय देखभालीसाठी निधी बाजूला ठेवायचा. म्हणजे बांध फुटला तर पुढच्या योजनेची वाट बघत बसायचं नाही. जमशेद खानाच्या नळांना जे मिळालं नाही ते कडवंचीच्या बांधांना मिळालं: ते का बांधलेत आणि कसे सांभाळायचे हे जाणणारी गावातलीच माणसं. खरपुडीचे तज्ज्ञही प्रकल्प संपल्यावर गायब झाले नाहीत, ते जिल्ह्यातलेच होते. २०१२च्या दुष्काळात कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि गाव बातम्यांत आलं.

आता थोडं कडू. कडवंचीत शेकडो शेततळी आहेत, आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांवर महाराष्ट्रात मोठा वाद आहे. शेततळं मुळात पावसाचं पाणी धरण्यासाठी. पण बऱ्याच ठिकाणी विहिरीतलं, बोअरमधलं पाणी उपसून ते भरतात. खाली, सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर उन्हात आणून एकट्याच्या नावावर करायचं, असा त्याचा अर्थ होतो. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये यावर लिहिलंय. मला कडवंचीचं कौतुक आहेच, पण गावोगाव नुसती शेततळी कॉपी-पेस्ट केली आणि शिस्त मागे सोडली, तर निकाल उलटा येईल.

शेवटी इंजिनिअरिंग कॉलेजांबद्दल बोलायला हवं, कारण ऐकणारे बरेच जण तिथेच आहात. आमच्या वेळच्या सिव्हिलच्या मित्रांना विचारलं तर ते सांगतात, डिझाइन आणि एस्टिमेट भरपूर शिकलो, चालू पाणीयोजना तपासायला मात्र कुणी नेलं नाही. २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, आयआयटी मुंबईच्या मदतीने. कल्पना अशी की कॉलेजच्या मुलांनी आपल्याच जिल्ह्यातल्या योजना अभ्यासायच्या: नळयोजना का बंद पडली, पंप किती तास चालतो, टाकी किती वेळात भरते. आयआयटीच्याच टीमने पोकरा प्रकल्पासाठी गावाचा पाण्याचा ताळेबंद काढणारं क्यूजीआयएसचं प्लगइन बनवलं, आणि पोकराच्या जिल्ह्यांत जालनाही आहे. कोडिंग येणाऱ्यांनो, हे काम तुमचंही आहे.

आणि घरचं गणित. शंभर चौरस मीटरचं छत, सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्षाला ७० हजार लिटर. गळती-बिळती धरून पन्नास हजार तरी हाती लागेल. डिसेंबर २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यापेक्षा मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. परवानगीच्या नकाशावर तो खड्डा असतोच. तुमच्या सोसायटीत त्याचा फिल्टर शेवटचा कधी साफ झाला, हे सेक्रेटरी काकांना विचारून कमेंटमध्ये टाका.

आणि हो, जुन्या जालन्यात राहणाऱ्यांपैकी कुणाच्या आजी-आजोबांना गावातले हौद, जमिनीखालचे नळ, ते कुठून कुठे जायचे असं काही आठवत असेल, तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांची व्हॉइस नोट पुरे. पुरेशा आल्या तर आपण त्यांचा एक नकाशा बनवू.