उसवलेली सीट

काकांच्या जीपची सीट उसवली ती अंगणातच, जुनी सतरंजी अंथरून. वरचं तडकलेलं काळं रेक्झिन निघालं, तर खाली आणखी एक रेक्झिन, तपकिरी. त्याखाली खाकी कॅनव्हासच्या चिंध्या, मग काथ्या, गोणपाट आणि तळाशी गंजलेल्या स्प्रिंगा. दरवेळी कुणी जुनं काढलंच नव्हतं, त्याच्यावर नवं चढवलं होतं.

यातला कॅनव्हास सगळ्यांत जुन्या घराण्यातला. जुलै 1940 मध्ये अमेरिकन सैन्यानं 135 कारखान्यांकडे हलक्या गाडीची मागणी केली, आणि बँटम या लहानशा कंपनीनं 23 सप्टेंबरला पहिली गाडी सैन्याच्या दारात नेऊन उभी केली. पुढे विलीज आणि फोर्डनी तशा लाखो गाड्या बनवल्या. सैनिकाच्या बुडाखाली जाड तंबूचं कापड, एवढीच चैन. युद्धातल्या विलीजची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली आणि तिचं तोंडही तिथंच. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं खाली उतरायचं आणि गादी उचलायची. आपल्याकडे पंपावर स्कूटरवाले उतरून सीट उघडतात, अगदी तसंच. म्हणून जीपची गादी जन्मापासून सुटी. ती घरी शिवता येते याचं निम्मं श्रेय त्या टाकीला द्यायला हवं.

स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली आणि ही गादी आपल्या उन्हापावसात आली. इथं कॅनव्हास भिजला की दोन दिवस वाळत नाही. त्याची जागा रेक्झिननं घेतली, आणि मला खरी गंमत वाटते ती या शब्दाची.

कापडाला चामड्याचं सोंग देण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा सुती कापडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे थर चढवत. रेक्झिन हे मात्र एका विशिष्ट मालाचं नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कारखान्यात सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल, अल्कोहोल आणि रंग यांचा लेप देत आणि वर चामड्यासारखे दाणे उमटवत. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं आणि जुन्या सिनेमाच्या फिल्मचं सख्खं भावंड. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात आगीत जुन्या चित्रपटांची रिळं गेली, तीही नायट्रेटचीच. पूर्वीचे लोक बिडी ओढत रेक्झिनच्या आसनांवर निवांत बसत, हे आठवून मला अजून हसू येतं.

आता दुकानात ‘रेक्झिन द्या’ म्हटलं की मिळतं ते पीव्हीसी. कडक पीव्हीसीला मऊ करण्याची युक्ती वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला 1926 मध्ये सापडली: त्यात तेलकट द्रव मिसळायचा. उन्हात उभ्या गाडीत तोच द्रव हळूहळू उडून जातो, सीट ताठ होते आणि एक दिवस शिवणीजवळ तडकते. मूळचा माल केव्हाच गेला, नाव मात्र मराठीत ठाण मांडून बसलंय. डनलपचंही तेच. 1929 च्या सुमारास त्या कंपनीच्या लोकांनी रबराचा चीक अंड्यासारखा फेसून साच्यात ओतला आणि मऊ गादी तयार केली. आज पॉलियुरेथेनच्या फोमलासुद्धा आमच्या काकू ‘डनलप’च म्हणतात.

सांगाड्याला कापड धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगांचं कूळ तर थेट गोठ्यातलं. डुकरांनी नाकानं शेत उकरू नये म्हणून अमेरिकन शेतकरी त्यांच्या नाकात अशा रिंगा दाबून बसवत. तीच रिंग आणि ती दाबायची पकड पुढे सीट बनवणाऱ्यांनी उचलली. आमच्याकडे ती पकड नव्हती, साध्या पकडीनं चाळीसेक रिंगा दाबताना अंगठ्याची सालटं निघाली.

जुनं कव्हर शिवणीवर उसवून तेच मापाला घेतलं. खडूनं आखून चहूबाजूंनी बोटभर कापड जास्त सोडलं. फोम 40 डेन्सिटीचा आणला. घरचं शिलाई मशीन कुरकुरलं, पण 18 नंबरच्या सुईनं निभावलं. मशीनच्या पायाखाली रेक्झिन चिकटून राहायचं, तेव्हा काकूंनी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. टाके मात्र लांब घालायचे. जवळजवळ घातले की भोकांची रांग होते आणि रेक्झिन टपालाच्या तिकिटासारखं फाटतं. माझी पहिली पट्टी तशीच गेली. कडेचा गोट चार थरांचा, तिथं मशीन थांबलं, मग दाभण आणि मेणलावला दोरा.

कव्हर चढेना. काका म्हणाले, ‘अरे, आधी त्याला ऊन दाखव.’ अर्धा तास फरशीवर पसरलं, तेव्हा कुठं ते लवचीक झालं आणि दोघांनी मिळून कोपऱ्यांवरून ओढून घेतलं.