दूरच्या संमतीचें कुलूप

परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानचें एक लहानसें रेल्वे-स्थानक. मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास निजामच्या राज्यांत झाला. तो मूळचा एकेरी. अशा मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत, ही चिंता त्या काळीं सर्वत्र होती. इंग्लंडांत थॉर्प येथें १८७४ सालीं अशीच टक्कर झाली, आणि १८७८ सालीं एडवर्ड टायर यानें विजेच्या तारेनें जोडलेलें टोकन-यंत्र सिद्ध केलें. टोकन मिळाल्यावांचून गाडी हांकावयाची नाहीं, आणि पलीकडच्या स्थानकानें संमति दिल्यावांचून टोकन यंत्रांतून निघावयाचें नाहीं, अशी ती योजना. याच तत्त्वावरचीं यंत्रें भारतांतील एकेरी मार्गांवरहि आलीं. यंत्र एका स्टेशनमास्तरच्या खोलींत, पण त्याची कळ दुसऱ्याच्या हातांत!

आज हीच गोष्ट घरोघर आली आहे. नोकरी सुटतांना कचेरीनें दिलेला जुना लॅपटॉप मुलांच्या अभ्यासासाठीं घरीं येतो, आणि उघडतांच त्या कचेरीचें नांव दाखवून परवलीचा शब्द मागतो.

आरंभीं संगणकाचें कुलूप असें नव्हतें. आय. बी. एम. कंपनीच्या १९८४ सालच्या ए. टी. संगणकास खरोखरीचीच किल्ली होती. पुढें परवलीचा शब्द लहानशा बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत राहूं लागला. बॅटरी काढली कीं तो पुसला जाई. नंतर अनेक लॅपटॉपांत तो विजेवांचून टिकणाऱ्या स्मृतींत गेला. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आला, आणि किल्लीवांचून तबकडीवरील मजकूरच वाचतां येईना. २०१७ सालीं मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट योजना निघाली. तींत यंत्राची ओळख कचेरीच्या नांवें दूरच्या नोंदवहींत राहते. तबकडी पुसून विंडोज नव्यानें घातलें, तरी इंटरनेटशीं संबंध येतांच तीच कचेरी पुढें उभी राहते. किल्ली पेटीजवळून निघाली ती अशी दूर जाऊन बसली.

हें कुलूप दुष्टपणाचें नव्हे. गिऱ्हाइकांचे हिशेब आणि रुग्णांचीं टिपणें तें राखतें. मात्र चोर कोण आणि ज्यास यंत्र रीतसर मिळालें तो कोण, हें त्यास कळत नाहीं. म्हणून कुलूप फोडण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षां यंत्र घेतांनाच संमति मागावी: हस्तांतराचें लेखी पत्र, परवलीचा शब्द काढून टाकणें, आंतील मजकूर पुसणें आणि नोंदवहींतून यंत्राचें नांव कमी करणें. कचेरींत ओळखीचीं माणसें आहेत, तोंवर हें एका दिवसाचें काम आहे. पुढें कचेरीच बंद पडली तर संमति द्यावयास कोणी उरत नाहीं, आणि धडधाकट यंत्र भंगारांत जातें. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं अशा भंगाराची विल्हेवाट लागेल. परंतु मुलाच्या अभ्यासाची सोय त्यांनीं होणार नाहीं.