डॉज, कुर्ला आणि माझे आजोबा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहिलेला एपिसोड. आजचा विषय आहे अमेरिकन मसल कार. आता तुम्ही म्हणाल, रत्नागिरीचा माणूस आणि मसल कार, संबंध काय? मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. म्हणून तर हा एपिसोड.

सुरुवात २००७ सालापासून करू. मी पाचवीत होतो. मारुती मंदिरच्या बाजूला एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. खाऊचे पैसे साठवून आम्ही चार पोरं एकाच कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि ‘नीड फॉर स्पीड कार्बन’ खेळायचो. या गेममध्ये गाड्यांचे तीन प्रकार होते. महागड्या युरोपियन गाड्या, जपानी गाड्या आणि तिसरा प्रकार, मसल. बाकीचे तिघं जपानी गाडी घ्यायचे, कारण ती वळणावर नीट वळते. मी मात्र डॉज चार्जरच्या प्रेमात पडलो होतो. १९६९ ची डॉज चार्जर. लांबच लांब बोनेट, पुढे जाळीच्या आड लपलेले हेडलाइट आणि इंजिनचा तो आवाज. कॅफेवाल्याचे स्पीकर फाटके होते, तरी पोटात गुडगुड व्हायची. वळणावर मी हमखास भिंतीवर आपटायचो, आणि पुढच्या वेळी परत चार्जरच घ्यायचो.

एकदा सुट्टीच्या दिवशी पोरं आमच्या घरी आली होती. वहीच्या मागच्या पानावर मी चार्जर काढत होतो. आजोबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “कसली रे गाडी ही, बाबू?” मी म्हटलं, “डॉज.” ते हसले आणि म्हणाले, “डॉज होय? अरे, डॉजवर मी दहा-बारा वर्षं काम केलंय. कुर्ल्याला.”

पोरं खो खो हसली. अमेरिकेची गाडी आणि कुर्ला! मलाही कसंतरीच झालं. आणि मी मित्रांसमोर म्हणालो, “आजोबा, काहीही फेकू नका.” आजोबा काहीच बोलले नाहीत. थोडा वेळ झोपाळा हलत राहिला, मग उठून आत गेले.

ते वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत त्याच्याकडे यायचंय. आता इतिहास.

मसल कार म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगायचं तर मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं भलंमोठं इंजिन बसवायचं आणि ती तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायची. इंजिन बहुतेक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या बसवलेल्या.

अशा गाड्या आधीही होत्या, पण ही लाट खरी सुरू झाली ती १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून, असं बहुतेक जण मानतात. तिची गोष्ट कुठल्याही इंजिनिअरला आवडेल. जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टियाकमध्ये जॉन डिलोरियन नावाचा इंजिनिअर होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम गाडीसाठी आहे ना? मग मोठं इंजिन गाडीचा भाग म्हणून द्यायचंच नाही, ‘ऑप्शन’ म्हणून द्यायचं! टेम्पेस्ट नावाच्या साध्या गाडीवर साधारण २९५ डॉलर जास्त भरले की ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन मिळायचं. ताकद ३२५ हॉर्सपॉवर. कंपनीला वाटलं होतं पाच हजार गाड्या खपतील. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांच्या वर खपल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘मूळ कोडला हात न लावता कॉन्फिगरेशनमधून काम साधणं’ म्हणू.

मग सगळेच मैदानात उतरले. फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्येच आली होती. शेवरलेने १९६७ चं मॉडेल म्हणून कॅमेरो आणली. क्रायस्लर कंपनीकडे डॉज आणि प्लिमथ हे ब्रँड होते. त्यातल्या डॉजने १९६६ मध्ये चार्जर आणली. माझ्या लाडक्या १९६९ च्या चार्जर आरटीमध्ये ७.२ लिटरचं, ३७५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. आणखी पैसे टाकले तर ४२५ हॉर्सपॉवरचं ‘हेमी’.

हे तिकडेच का घडलं? कारण तिकडे त्या काळात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली प्रचंड मोठी पिढी नेमकी गाडी चालवायच्या वयात आली होती. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर रुंद हायवे बांधले जात होते. आणि पेट्रोल एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, तीस सेंटच्या आसपास मिळायचं. पेट्रोल किती पितेय हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं.

आता तिथून थेट कुर्ल्याला येऊ. इथूनच आजोबांची गोष्ट सुरू होते, आणि ती मला कळायला फार उशीर झाला.

मी बीटेक केलं सांगलीच्या वालचंद कॉलेजातून. हे कॉलेज १९४७ चं, त्याला वालचंद हे नाव मिळालं १९५५ मध्ये. पहिली दोन वर्षं मी त्या नावाच्या कमानीखालून रोज गेलो, पण वालचंद कोण होते हे धड ठाऊक नव्हतं. फार तर ‘मोठे उद्योगपती’. एकदा परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून लायब्ररीत त्यांच्यावरचं एक पुस्तक चाळत बसलो.

वालचंद हिराचंद दोशी, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाज कंपनी, साखर कारखाने, बंगळुरूचा विमान कारखाना, सगळीकडे या माणसाचा हात. त्यांना मोटारींचा कारखानाही काढायचा होता. तोपर्यंत भारतात मोटारी बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाड्या विकायला सुरुवात केली होती. वालचंदना पूर्ण गाडी इथे बनवायची होती. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी अशा कारखान्याचा आराखडाही केला होता, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. वालचंद अमेरिकेत गेले, तिथल्या कंपन्यांशी बोलले, आणि शेवटी करार झाला तो क्रायस्लरशी. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली, कारखाना कुर्ल्याला, आणि १९४७ मध्ये तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या गाड्यांची नावं होती डॉज, प्लिमथ, डिसोटो. ट्रकवर डॉज आणि फार्गो.

डॉज हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटलं. झोपाळा आठवला.

म्हणजे आजोबा खरंच बोलत होते. मी ज्या चार्जरसाठी वेडा होतो तिच्यावरचं नाव आणि आजोबा ज्या ट्रकवर काम करायचे त्यावरचं नाव एकच. एकाच क्रायस्लर कंपनीच्या वंशावळीतली ही दोन भावंडं. एक डेट्रॉइटजवळ जन्मलेलं, दुसरं कुर्ल्यात.

मी लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले, “हो, मग? दादा साठ साली लागले प्रीमियरमध्ये. ट्रकच्या लाइनवर होते, मागचा ॲक्सल बसवायचे. नंतर फियाटवर गेले. सांगायचे की सगळ्यांना. कोण ऐकत होतं?” आमच्याकडे बाबा आजोबांना दादा म्हणायचे. आणि मी हा फोन केला तेव्हा दादा जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग मी मिळेल तिथून वाचायला लागलो. एक प्रश्न डोक्यात होता: सुरुवात अमेरिकन गाड्यांनी झाली, मग आपल्याकडे चार्जर का नाही आली? उत्तर १९५३ मध्ये आहे. त्या वर्षी टॅरिफ कमिशनने अहवाल दिला. ज्या कंपन्या इथेच सुटे भाग बनवायची योजना आखतील त्यांनी राहावं, नुसतं जोडकाम करणाऱ्यांनी जावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. पण भल्यामोठ्या अमेरिकन कार इथल्या रस्त्याला आणि खिशाला जड होत्या, म्हणून कारसाठी तिने इटलीच्या फियाटचा हात धरला. फियाट ११०० आली, तिचीच १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ सीसी, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. चार्जरची ताकद तेव्हाच्या अमेरिकन पद्धतीने, म्हणजे इंजिन सुटं ठेवून मोजलेली, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला. तरीही फरक आठ-नऊ पटींचा. तिकडे पोरगा शोरूममधून चार्जर घेऊन निघायचा आणि इकडे माणूस पैसे भरून गाडीची वर्षानुवर्षं वाट बघायचा.

पण मंडळी, ‘त्यांचं भारी, आपलं रडकं’ एवढीच ही गोष्ट नाही. मसल कारचं राज्य जेमतेम दहा वर्षं टिकलं. विम्याचे हप्ते वाढले, कारण तरुण पोरं या गाड्या ठोकत होती. १९७० मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. आणि १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. सात लिटरचं इंजिन एका रात्रीत ओझं झालं. आणि ज्या ४० हॉर्सपॉवरच्या गाडीला आपण हसतो, ती काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली.

आणि ट्रक? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी आपल्या भागातला माल बराचसा ट्रकनेच जायचा. आंब्याच्या पेट्या भरून, रात्रभर कशेडीचा घाट चढून मुंबईला. त्या घाटात मागच्या ॲक्सलवर किती जोर येतो ते कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. पुढे कुर्ल्याच्या ट्रकवरून डॉजचं नाव गेलं, प्रीमियरचं आलं. पण साठच्या दशकात त्या घाटातून गेलेल्या एखाद्या तरी डॉजचा ॲक्सल आजोबांनी बसवलेला असणार. माझी चार्जर स्क्रीनवर भिंतीला आपटत होती. त्यांची डॉज आंबे पोचवत होती.

आजोबांच्या नावावर आयुष्यात एकही गाडी नव्हती. सायकल होती, तीही बाबा वापरायचे. कुर्ल्याला गावच्या माणसांच्या खोलीत बाराजणांत राहिले, गणपतीला आणि शिमग्याला घरी आले, आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत झोपाळ्यावर बसले.

मला आज त्यांना किती काय विचारायचंय. एक ॲक्सल बसवायला किती वेळ लागायचा? किती माणसं लागायची? सुटे भाग अमेरिकेहून यायचे की इथलेच? डॉज जाऊन फियाट आली तेव्हा कसं वाटलं? कारखान्यात कधी एखादी डॉज कार बघितली का, आणि ती आवडली का? या प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाहीत. वालचंदांचं नाव आहे, क्रायस्लरचं आहे, सालं आहेत. ॲक्सल बसवणाऱ्याचं काहीच नाही. जो माणूस सांगायला तयार होता त्याला मी ‘फेकू नका’ म्हणालो. त्यानंतर सात वर्षं आम्ही एकाच घरात होतो आणि त्यांनी डॉजचं नाव परत काढलं नाही. मीही काढलं नाही.

मसल कार मला अजून आवडतात. चार्जरचा आवाज ऐकला की अजूनही पोटात गुडगुडतं. माझ्या टेबलावर लॅपटॉपशेजारी चार्जरचं छोटं मॉडेल आहे. तिच्याशेजारी ठेवायला डॉज ट्रकचं मॉडेल शोधतोय, कुर्ल्याच्या डॉजसारखं अजून मिळालं नाही. कुणाला दिसलं तर जरूर कळवा.

आणि आजचा गृहपाठ. तुमच्या घरात एखादे आजोबा, आजी, मामा, काका असतील. गिरणीत, गोदीत, एसटीत, कारखान्यात, शेतात काम केलेले. आज त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच विचारा, “तुम्ही तिथे नेमकं काय काम करायचात?” पुढे ते काहीही सांगू देत. खोटं वाटलं तरी मध्ये बोलू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.