दामाजीपंतांची पावती आणि सोसायटीची वही



मंगळवेढ्याचें नांव निघालें कीं दामाजीपंतांचें स्मरण होतें. बहामनी अमदानींतील हे अधिकारी. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारांतील धान्य भुकेलेल्यांस वांटलें, आणि विठ्ठलानें विठू महाराच्या रूपानें बेदरास जाऊन त्या धान्याचें मोल भरलें व पावती घेतली, अशी कथा आहे. भाविकांस तींत भक्ति दिसते. हिशेबनिसास आणखी एक गोष्ट दिसते. कोठार मंगळवेढ्यास, हिशेब बेदरास, आणि दोहोंस जोडणारी ती पावती! आपला हिशेब दूरच्या ठिकाणीं ठेवावा काय, हा प्रश्न आज गांवोगांवच्या विकास सोसायट्यांपुढें नव्या रूपानें उभा आहे.

१९०४ सालच्या कायद्यानें आपल्या देशांत सहकारी पतसंस्थांचा पाया घातला. पीककर्जाचा पैसा राज्य बँकेकडून जिल्हा बँकेकडे, तेथून सोसायटीकडे व शेवटीं शेतकऱ्याकडे येतो. एकाच कर्जाची नोंद अशी निरनिराळ्या वह्यांत होते, आणि ताळमेळ मागाहून घालावा लागतो. सोसायटीची रोजकीर्द भिजली किंवा खतावणीस वाळवी लागली, तर कर्ज फेडलेल्या शेतकऱ्यासहि तें सिद्ध करणें कठीण. पुढें संगणक आले. परंतु हिशेब एकाच यंत्रांत राहिला, तर यंत्र बिघडतांच तीच अडचण.

यावरील तोडगा समजण्यास विजेचा इतिहास उपयोगी पडेल. मुंबईच्या गिरण्या पूर्वीं आपापल्या बाष्पयंत्रांवर चालत. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून वीज मुंबईस येऊं लागली. गिरणीवाल्यास शक्ति विकत घेतां आली, ती घरीं निर्माण करण्याचें कारण उरलें नाहीं. गणनशक्तीहि अशीच सार्वजनिक सोय होईल, असें जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६१ सालींच सुचविलें होतें. २००६ सालीं अमेझॉन कंपनीनें आपले संगणक दूरस्थ गिऱ्हाइकांस भाड्यानें वापरूं देण्यास प्रारंभ केला. यासच क्लाउड म्हणतात.

जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांसाठीं २,५१६ कोटी रुपयांची संगणकीकरण योजना मंजूर केली. तींतील समाईक प्रणाली क्लाउडवरच आधारलेली आहे. लाभ उघड आहे. प्रत्येक संस्थेस हिशेबाचें महागडें यंत्र व तें सांभाळणारा जाणकार स्वतंत्रपणें ठेवावा लागत नाहीं. नियम बदलला तर दुरुस्ती एकदांच होते. नोंदींच्या प्रती अन्यत्र राखल्यास कचेरीस आग लागली तरी हिशेब वांचतो. सोसायटीनें केलेली नोंद जिल्हा बँकेस व तपासनिसास लवकर पाहतां येते.

तथापि भाड्याच्या घरास भाडेकराराची चिंता असतेच. जोडणी तुटली कीं काम थांबतें; वर्गणी दरसाल द्यावी लागते; आणि प्रणाली बदलावयाची झाल्यास जुन्या नोंदी सुखरूप बाहेर निघाव्या लागतात. म्हणून संस्थेनें दोन गोष्टींचा आग्रह धरावा: सर्व नोंदींची ताजी प्रत वेळोवेळीं आपल्या हातीं यावी, आणि प्रत्येक भरण्याची छापील पावती कर्जदारास त्याच वेळीं मिळावी. कोठार कितीहि दूर असो, फेडलेल्या कर्जाचा पुरावा फेडणाऱ्याच्या घरीं असला पाहिजे. दामाजीपंतांच्या गांवास हें निराळें सांगावयास नको.