एक पिक्सेल लाइफ आणि नशिबाचा हिशोब

हॉस्टेलवर माझा रूममेट फायटिंग गेममध्ये हरला की एकच वाक्य टाकायचा, "लक होतं रे तुझं." माझं डोकंच फिरायचं. आज त्याला उत्तर देतोय, जरा इतिहास काढून.

१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये नशीब चक्क कोडमध्येच होतं. ठोसा तोच, पण डॅमेज दर वेळी थोडं कमी-जास्त. तरी कोणी फारसं बोंबललं नाही, कारण वर ती लाइफची पट्टी होती. ढीगभर फटके बसेपर्यंत सरासरी निघते आणि चांगला खेळणारा बहुतेक वेळा पुढेच राहतो. खऱ्या मारामारीत अशी पट्टी कुठे असते?

१९९७ ला प्लेस्टेशनवर आलेल्या 'बुशिडो ब्लेड'ने ती काढूनच टाकली. तलवारीचा एक वार नीट बसला की खेळ खल्लास. पायावर बसला तर माणूस अक्षरशः रांगत लढतो. एकदम रिअल! पण मग नवशिक्याचा आंधळा वारसुद्धा उस्तादाला संपवू शकतो. एकच टेस्ट चालवून कोड बरोबर ठरवण्यासारखं झालं हे.

आता गंमत बघा, पट्टी संपत आली की कुठलाही गेम 'बुशिडो ब्लेड'च होतो.

२००४, कॅलिफोर्निया, इव्हो स्पर्धा. गेम 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'. जपानच्या डायगो उमेहाराच्या केनकडे जेमतेम एक पिक्सेल लाइफ. सुपर मूव्ह नुसती अडवली तरी थोडं डॅमेज होतंच, म्हणजे ब्लॉक करूनही मरण. समोर जस्टिन वाँगची चुन-ली, तिने १५ लाथांची सुपर सोडली. उपाय एकच, पॅरी. म्हणजे प्रत्येक लाथ लागायच्या क्षणी स्टिक पुढे ढकलायची. एक चुकली की संपलं. त्यात सुपर दिसल्यावर पहिली पॅरी करायला वेळच नसतो, ती अंदाजानेच आधी मारावी लागते. डायगोने सगळ्या १५ पॅरी केल्या, शेवटची हवेत उडी मारून, आणि उलट कॉम्बो लावून मॅच जिंकली. पब्लिक वेडं झालं.

पहिला अंदाज लक होता का? मला नाही वाटत. वाँग सुपर मारणार हे त्याने हेरलं होतं, आणि उरलेल्या १४ तर हाताच्या सवयीनेच होतात. तरी रूममेटसाठी एवढं सांगतो, त्या स्पर्धेची फायनल डायगो हरला. जिंकला केंजी ओबाटा. ती मॅच मला आजवर कोणी फॉरवर्ड केलेली नाही.