परमेश्वराची ओढ आणि प्रीतीचे स्वरूप

प्रार्थनेला बसल्यावर मन कोरडे राहते, मिस्साबलिदानात पूर्वीसारखा आनंद लाभत नाही. मग ‘परमेश्वरावरील आपली प्रीती आटली की काय?’ ही शंका अनेक श्रद्धावंतांना छळते. ख्रिस्ती ईशज्ञान या शंकेला काय उत्तर देते, ते आपण थोडक्यात पाहू या.

ओढीचा उगम

स्तोत्रसंहितेतील ४२ व्या स्तोत्रात पाण्यासाठी आसुसलेल्या हरिणीची प्रतिमा येते. ही तहान संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी स्वतः अनुभवली होती. विद्या, कीर्ती आणि देहसुख यांत त्यांनी अनेक वर्षे समाधान शोधले. ३८७ साली मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्यांनी आपल्या अस्वस्थतेचा अर्थ उलगडला आहे: मनुष्याची घडणच परमेश्वराभिमुख असल्यामुळे अन्य काहीही त्याला पुरे पडत नाही. म्हणून ही ओढ म्हणजे श्रद्धेतील उणीव नव्हे. परमेश्वराने आपल्यावर आधी प्रीती केली, तिला आपल्या अंतःकरणाने दिलेला तो प्रतिसाद आहे.

एरॉस आणि अगापे

ग्रीक भाषेत आसक्त, प्राप्तीची इच्छा धरणाऱ्या प्रेमाला ‘एरॉस’ म्हणतात. हा शब्द नव्या करारात एकदाही आढळत नाही. तेथे ‘अगापे’ म्हणजे स्वतःला देऊन टाकणारी प्रीती प्रामुख्याने येते. स्वीडनचे ल्युथरन ईशज्ञानी अँडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात या दोहोंना परस्परविरोधी ठरविले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘देउस कारितास एस्त’ या आपल्या पहिल्या परिपत्रात मात्र निराळी भूमिका मांडली. त्यांच्या मते हे दोन प्रवाह पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. एरॉस शुद्ध होत होत अगापेकडे जातो. आणि जो सतत देतो, त्यालाही प्रीती स्वीकारावी लागते, अन्यथा त्याचा झरा आटतो.

कोरडेपणातील प्रीती

कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अनेक दशके आंतरिक अंधार सोसल्याचे जगाला कळले. परमेश्वराचे सान्निध्य त्यांना जाणवत नव्हते, तरी त्याची आस सुटली नाही आणि गोरगरिबांची सेवाही थांबली नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

यावरून आपण एवढे निश्चित जाणावे की, प्रीती ही केवळ भावना नसून इच्छाशक्तीचा निर्णयही आहे. संत योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तिची कसोटी सांगतात: न दिसणाऱ्या परमेश्वरावरील प्रीती दिसणाऱ्या बंधुभगिनींवरील प्रीतीत पारखली जाते. मन कोरडे असतानाही आपण प्रार्थनेला बसतो, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस करतो, दुरावलेल्या भावाशी समेट करतो, तेव्हा ती प्रीती जिवंतच असते.